मेणाच्या वडीतली गाठ

मी गाठ बोलतेय. तोंड वाकडं करू नका. कोपरखैरण्याच्या सत्यभामाच्या डाव्या स्तनात माझा जन्म झाला. हो, स्तनच म्हणतेय मी. तिच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द उच्चारताना घाम फुटायचा. त्यांच्या त्या लाजेवरच मी पोसले.

आंघोळ करताना मी तिच्या हाताला लागले. तिनं नवऱ्याला सांगितलं. भैरू तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. गोण्या वाहून त्याच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आलेली, आणि ती तो मिरवायचा.

"ही बघ," मान पुढं करून तो म्हणाला, "इतकी वर्सं हाय. दुखती का? न्हाय. तुझी दुखती?"

"न्हाय."

"मग गप बस की."

मूर्ख माणूस! त्याची गाठ ओझ्याची, मी कॅन्सरची. सुरुवातीला मी बहुतेकदा दुखतच नाही, म्हणून तर माझं फावतं.

लेकीनं, ज्ञानेश्वरीनं, पाहिलं तेव्हा मी काखेपर्यंत पोचले होते. ती बापावर ओरडली, आईला ओढत हॉस्पिटलात घेऊन गेली. मला कापून काढलं. औषधं आधी लागू पडली, मग पडेनाशी झाली. का? डॉक्टर म्हणाले, "या प्रकारावर पुरेसं संशोधनच झालेलं नाही."

जाण्याआधी सत्यभामा एवढंच म्हणाली, "ती गाठ तपासायला द्या. माझ्या लेकीला तरी कळू दे."

तेव्हापासून मी प्रयोगशाळेच्या कपाटात, मेणाच्या वडीत पडून आहे. निधी संपला, काम बंद.

ज्ञानेश्वरी गावच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत त्या कामासाठी मदत मागायला गेली. तिथं गावच्या नव्या कमानीची वर्गणी चाललेली. पुढचं तिनंच इथं प्रयोगशाळेत येऊन रागारागानं सांगितलं.

"आई तर गेली, पोरी," अध्यक्ष कमळाकरतात्या म्हणाले, "आता गाठीवर कशाला पैसा घालायचा?"

"मग कमानीला कसला आजार झालाय, तात्या?"

बायका पदराआड हसल्या. तात्या भडकले. "भैरू, लेकीला आवर!"

भैरूनं सगळ्यांदेखत पैसे मोजून कमानीच्या वर्गणीची पावती घेतली. "गावात तोंड दाखवायचं हाय गं," म्हणाला.

ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी टी-शर्ट घालून, गुलाबी फीत लावून वाशीत चालणाऱ्यांनो, सेल्फी झाले असतील तर ऐका. मला फीत नको, दया नको. मला कापा, काचेवर ठेवा, भिंगाखाली घ्या. आई का गेली, हे त्या पोरीला हवंय. उत्तर असलंच, तर माझ्यातच असेल.

नाही बघणार? नका बघू. माझ्या बहिणींना तुमच्या घराचा पत्ता विचारावा लागत नाही.