कानताईच्या जागी कोण आले

मित्रांनो, कांडी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर जादूची कांडी येईल. मी तसली नाही. मी एक जुनी, हातभर लांबीची पोलादी कांडी आहे. माझे एक टोक निमुळते आहे आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची गुळगुळीत मूठ आहे. निमुळते टोक चालत्या यंत्राला टेकवायचे आणि मुठीला कान लावायचा. यंत्राच्या पोटात काय दुखते आहे, ते माझ्यातून चढत कानापर्यंत येते.

मला मिस्त्रींनी घडवले. मोडीत निघालेल्या पंपाचा दांडा त्यांनी लेथवर धरला, हवा तेवढा बारीक केला आणि मूठ स्वतः कातली. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात ते यंत्रे तपासायला जात. ते तिथले नोकर नव्हते. आपला दर आपण सांगायचा, काम चोख करायचे आणि बिल द्यायचे, असा त्यांचा खाक्या. मला टेकवण्याआधी ते पंपावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत आणि विचारत, "काय गं, झोप लागली का?" कामाची हाक आली की नाही म्हणणे त्यांना ठाऊकच नव्हते. भरल्या ताटावरून उठून गेलेले मी त्यांना पाहिले आहे.

एक गोष्ट अजून सांगते. मी दोन्हीकडून ऐकते. पंपाचा आवाज वर जातो, तसा मला धरणाऱ्या हातातला नाडीचा ठोका माझ्यात खाली उतरतो. मिस्त्रींचा ठोका संथ होता. त्यांनी लेकीला शिकवले, तिचा ठोका चिमणीसारखा उडता. मिस्त्री वारले आणि मी लेकीच्या हातात आले. पंपघरात तिला सगळे कानताई म्हणू लागले. ती मला रोज फडक्याने पुसायची, घरी आणून दारामागच्या पिशवीत ठेवायची. तिचे कौतुक व्हायचे तेव्हा थोडे मलाही मिळायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग नियम बदलला.

तो समजावून सांगायला तिच्या बहिणीचे यजमान आले. ते कर सल्लागार होते. "जो एकाच ठिकाणी, त्यांनी सांगितलेल्या वेळेला राबतो," ते म्हणाले, "तो आता सरकारच्या लेखी नोकर. त्याचा कर कंपनीनं आधीच कापून घ्यायचा. चुकलं तर दंड कंपनीला. म्हणून कंपन्या घाबरल्यात. तुमच्यासारख्यांना म्हणतायत, एजन्सीमार्फत या."

"आणि दर?"

"तिसरा हिस्सा गेला म्हणून समजा."

"मग भावजी, नोकर म्हणतायत तर सुट्टी मिळेल? आजारपणाचे पैसे?"

"ते आपोआप नाही मिळत. कर नोकराचा, बाकी सगळं कंत्राटदाराचं."

"म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!"

भावजी हसले, पण लगेच गंभीर झाले. "एक वाट आहे. हत्यार तुमचं स्वतःचं हवं. आणि तुम्हाला जमलं नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवायचा हक्क हवा. नोकराला बदली पाठवता येत नाही, स्वतंत्र माणसाला येते."

कानताई दुसऱ्याच दिवशी मला घेऊन पंपघराच्या साहेबांसमोर उभी राहिली. साहेब नुकतेच रुजू झाले होते, पंपवालाही नवाच; मिस्त्रींना दोघांनीही कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. "हत्यार तुमचं, हे पटलं. पण बदली माणूस कोण? नाव लागेल. विचारणा झाली तर मी काय सांगू?"

कानताईने मला घट्ट धरले. तिचा ठोका माझ्यात धडधडत होता. असे काम येणारे दुसरे कोणी तिच्या ओळखीत नव्हते.

"माझे वडील," ती म्हणाली. "त्यांनीच मला शिकवलं."

मित्रांनो, तिने खोटे काही सांगितले नाही. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. साहेबांनी नाव लिहून घेतले, तिचा दर कायम राहिला, आणि वाटेत तिने स्वतःशीच म्हटले, "कोण बघायला येतंय!"

पावसाळा सरता सरता तिला ताप भरला. ती आतल्या खोलीत पांघरुणात होती आणि मी दारामागच्या पिशवीत. भर दुपार होती. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण पिशवीत एक हात आला आणि त्याने मला उचलले.

ती पकड मी ओळखली. अंगठा नेमका मुठीच्या खाचेत बसला, जिथे तो वर्षानुवर्षे बसत असे. मी आनंदाने ठोका शोधू लागले. ठोका नव्हता. उशिरानेही आला नाही. त्या हातात काहीच वाजत नव्हते, नुसता गारवा माझ्या मुठीत उतरला आणि तिथेच राहिला.

मग पंपघर आले. पंपावर दोनदा टकटक झाली. "काय गं, झोप लागली का?" तो आवाज रिकाम्या नळातून येणाऱ्या हवेसारखा होता. मला तिसऱ्या पंपाला टेकवले गेले. मी आवाज वर पाठवला, पण तो कुणाच्या कानात पडला असे मला जाणवले नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तळ लागू नये, तसे झाले. तरीही तो आवाज पंपवाल्याला म्हणाला, "हा बंद कर, पोरा. बेअरिंग फुटतंय."

मला पुन्हा पिशवीत ठेवले गेले, आणि संध्याकाळी पंपवाल्याचा फोन आला. "कानताई, तुमचे वडील येऊन गेले! तिसरा पंप उघडला, बेअरिंगचे तुकडेच झाले असते. म्हातारे मोठे गुणाचे हो. चहा दिला, तर नुसता हातात धरून बसले."

कानताई भिंतीला धरत दारापर्यंत आली. तिने मला पिशवीतून काढले. माझ्या टोकाला ताजे ग्रीस होते. ती तिथेच खाली बसली आणि बराच वेळ मला पुसत राहिली.

बरी होऊन ती कामावर गेली, तेव्हा साहेब खुशीत होते. "तुमची बदली तर तुमच्यापेक्षा भारी! अधूनमधून त्यांनाच पाठवत जा. आणि खरं सांगू? त्यांनी दराचं नावही काढलं नाही. त्यांचं काम फुकटात होत असेल तर तुमच्या दराचाही विचार करावा लागेल."

त्यानंतर मिस्त्री पुन्हा आले. ताप नसताना आले, ती भाजी आणायला बाहेर पडली तेव्हा आले. तिने पाठवले नव्हते. पण नाव दिलेले होते, आणि हाकेला त्यांनी कधी नाही म्हटले नव्हते. दर वेळी तो हात अधिक जड झालेला असे. पकड सैल पडत चालली होती. एकदा मी त्यांच्या हातातून निसटले, आणि मला उचलायला वाकताना ते दमून थांबले. मेलेल्या माणसालाही थकवा येतो, हे मला तेव्हा कळले.

हे पंपवाल्यानेच तिला सांगितले. "ताई, बरं नाही का त्यांना? परवा स्टुलावर बसले ते उठेचनात. मी जेवून आलो तर नव्हते."

कानताई पंपघरात गेली. स्टूल रिकामे होते. तिने मला पहिल्या पंपाला टेकवले आणि कान लावला. पंपाच्या घरघरीखाली, अगदी खोलातून, माझ्यातून टकटक चढली. दोनदा. मग पुन्हा दोनदा.

तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या मुठीवर पडले. "बाबा," ती हळूच म्हणाली, "पुरे झालं. तुम्ही जा. इथलं मी बघते."

टकटक थांबली नाही. नुसत्या सांगण्याने ते जाणारे नव्हते.

म्हणून ती तडक साहेबांकडे गेली. "माझ्या वडिलांचं नाव खोडा."

"अहो, मग तुम्ही नोकरात मोजल्या जाल. कर कापला जाईल, एजन्सीमार्फत यावं लागेल."

"कापा. पण नोकर म्हणता तर नोकरासारखं वागवा. आजारी पडले तर मला घरी झोपू द्या, आणि त्या दिवसाचे पैसे द्या. तेवढं लिहून दिलंत तर कमी दरात येईन. नाहीतर दुसरा कान शोधा."

साहेब कुरकुरले. तिसऱ्या पंपाची आठवण मात्र त्यांना ताजी होती. एजन्सीशी बोलून त्यांनी आजारपणाचे पैसे मान्य केले आणि तिच्यासमोर ते नाव खोडले. त्याच क्षणी माझ्या मुठीतला गारवा निघून गेला. परतताना तिने प्रत्येक पंपाला मला टेकवून ऐकले. नुसते पाणी वाहत होते.

दर उतरला तो उतरलाच. तिने घरातली पुढची खोली भाड्याने दिली, आणि बहिणीने "हातची लक्ष्मी घालवलीस" म्हणून महिनाभर ऐकवले. एजन्सीने तिला ऐकणारे नवे विजेचे यंत्र दिले. हत्यारही आता त्यांचेच. मी फळीवर पडून आहे. मुठीला चिरा गेल्या आहेत, टोकावर गंज धरला आहे. कधीतरी माझ्यावर तेलाचा हात फिरवाल तर बरे वाटेल, पण ते राहू द्या.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. एखादे माणूस आजारी पडले, तर त्याच्या जागी कोण येणार हे विचारण्याआधी त्याला विचारा, "तुला कसं वाटतंय?"