सत्त्याऐंशी ठोके

दौऱ्याच्या नवव्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने मारेनला सरळ दम भरला. "पोरी, एक तर बस, नाहीतर उतर आणि चालत ये. आरशात बघावं तेव्हा तुझंच डोकं."

मारेन टॉफ्ट बसली आणि दोन मिनिटांत पुन्हा उठली. वय सतरा, अंगाने थोराड आणि एरवी इतकी थंड, की तिची मैत्रीण टेस तिला 'फ्रीज' म्हणायची. पण या दौऱ्यात ती कुठेच टिकत नव्हती. खिडकी उघड, बंद कर, फोन काढ, आत टाक.

दर उन्हाळ्यात त्यांच्या चर्चचा घंटावृंद दहा दिवस बसने गावोगाव फिरायचा. तेरा पोरंपोरी, पितळी हातघंटांच्या आठ पेट्या आणि मिसेस एल्विक नावाच्या बाई. रोज नवं चर्च, तळघरातल्या हॉलमध्ये ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, रात्रीला कुणाचं तरी अनोळखी घर. एकेकाच्या वाट्याला दोन-तीनच घंटा, म्हणजे दोन-तीनच सूर. त्यामुळे एक जण नसला की गाण्याला तेवढी भोकं पडतात आणि ती सगळ्या गावाला ऐकू येतात. मारेनकडे सगळ्यांत खालच्या, खर्जाच्या घंटा होत्या. त्यातली थोरली साडेतीन किलोची. इतर पोरं सटासट वाजवत असताना मारेन नुसती मोजत उभी राहायची आणि वेळ आली की एकच ठोका द्यायची. मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

यंदा बस मिळेना म्हणून दौरा आठवडाभर पुढे गेला आणि जिल्ह्याच्या जत्रेवर येऊन आदळला. जत्रेत तिचा गोऱ्हा होता, रोस्को. बाटलीने दूध पाजून वाढवलेला, आता साडेसहाशे किलोचा. जत्रेतली जनावरं लिलावानंतर कसायाच्या ट्रकवर चढतात, हे तिकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मात्र ज्याने वाढवलं त्यानेच दोर धरून फळीवरून चढवायचं, ही रीत. आधीचे दोन गोऱ्हे मारेनने स्वतः चढवले होते आणि दोन्ही वेळा घरी जाऊन ढसाढसा रडली होती. पण चढवले होते तिनेच. यंदाचा ट्रक गुरुवारी बाराला होता. बुधवारी शेवटचा कार्यक्रम, गुरुवारी सकाळी सातला बस निघणार, साडेदहापर्यंत जत्रेत. दौरा सुरू झाल्यापासून ती हेच गणित करत होती.

बुधवारी दुपारी शेवटच्या गावात पोचले, तर तिथल्या पास्टरांनी मिसेस एल्विकना बाजूला घेतलं. बाई परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"इथले ऑर्व्हिल रुस्टाड सोमवारी वारले. उद्या साडेदहाला अंत्यविधी आहे. आपण वाजवावं अशी पास्टरांची विनंती आहे. शेवटी वयाइतके ठोके द्यायचे, सत्त्याऐंशी. जुनी पद्धत आहे त्यांची." मग त्या मारेनकडे वळल्या. "मी कुणावर जबरदस्ती करणार नाही. तुझ्या भावाला बोलावून घे हवं तर. थोरली घंटा केलेब उचलेल."

"केलेब?" टेस म्हणाली. "तो दहाच्या पुढे मोजताना बूट काढतो."

"आणि तू तर घंटेबरोबर खाली पडशील," केलेब म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळे मारेनकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. तिला सगळ्यांचा एकदम राग आला. मेलेल्या म्हाताऱ्याचाही आला, खोटं कशाला बोला. तिने बाहेर जाऊन वेसला, म्हणजे भावाला, फोन लावला.

"पहाटे चारला निघतो तिथे यायला," वेस म्हणाला. "पण नक्की सांग. मग इकडे रोस्कोला धुणार कोण, तेही बघायला हवं."

"सांगते."

आणि नशीब असं, की त्या रात्रीसाठी तिच्या आणि टेसच्या वाट्याला घर आलं ते आर्डिस रुस्टाडबाईंचं. नवरा दोनच दिवसांपूर्वी गेलेला, तरी बाईंनी पाहुण्या मुली रद्द केल्या नव्हत्या. "चादरी बदलून झाल्या होत्या," एवढंच त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्या नवऱ्याला शेवटचा घालायचा पांढरा सदरा इस्त्री करत होत्या आणि मुलींना लिंबाच्या वड्या पुढे करत होत्या. टेस आंघोळीला गेली. मारेन खुर्चीवर बसली, उठली, फ्रीजवरचे फोटो बघून आली, पुन्हा बसली.

"तुला काय चावतंय गं?" आर्डिसबाईंनी विचारलं.

मारेनला सांगायचं नव्हतं. तरी सगळं बाहेर पडलं: रोस्को, ट्रक, बारा वाजता. बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"मग जा की. आम्ही चाळीस वर्षं गुरं पाळली. दोर धन्याच्याच हातात हवा. ऑर्व्हिलला काय, कुणीही वाजवलं तरी चालेल. त्याला ऐकूही कमीच येत होतं."

'नको जाऊस' म्हणाल्या असत्या, तर मारेन भांडली असती आणि ताठ मानेने निघून गेली असती. 'जा' म्हटल्यावर भांडायला काही उरलंच नाही. बाई सदऱ्याची कॉलर पुन्हा इस्त्री करू लागल्या. ती आधीच कडक झाली होती. मारेनने वेसला निरोप पाठवला: येऊ नकोस. दोर तू धर. मग फोन पालथा घातला आणि स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या.

सकाळी चर्च गच्च भरलं होतं. दोन स्तोत्रं वाजली, प्रवचन झालं. साडेअकरा वाजले. बाकीच्यांनी घंटा टेबलावर ठेवल्या, हातमोजे घातलेले हात मागे घेतले. मिसेस एल्विकनी मारेनला मान हलवून खूण केली.

एक. घुमारा पूर्ण विरू द्यायचा, मग दोन. लोक बाकांवर माना खाली घालून बसले होते. विसाला मनगट दुखू लागलं, तिने हात बदलला. भिंतीवरचं घड्याळ नेमकं तिच्या समोर. आता रोस्कोला मांडवातून बाहेर काढत असतील. तिसावा ठोका. वेसला दोर घट्ट धरायची खोड आहे, रोस्कोला ते खपत नाही, सांगायचं राहिलं. चाळीस. फळीपाशी तो अडेल. अडला की कानामागे खाजवावं लागतं, वेसला कुठे माहीत आहे.

एकोणपन्नास. की पन्नास?

आयुष्यात पहिल्यांदा तिचा आकडा हरवला होता, आणि तोही अशा ठिकाणी, जिथे कुणाला विचारता येत नाही. घुमारा विरत चालला होता. तिने पन्नास झाले असं धरलं आणि पुढचा ठोका दिला. सत्त्याऐंशीला थांबली तेव्हा दोन्ही दंड भरून आले होते आणि हातमोजे घामाने भिजले होते.

दफन झाल्यावर तळघरात हॅमची सँडविचेस आणि हिरवी जेली मांडली होती. मारेन भरलेली बशी हातात धरून कोपऱ्यात उभी होती. शेवटी ती आर्डिसबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मिसेस रुस्टाड, माझा आकडा चुकला. माझं लक्ष नव्हतं. एक कमी पडला असेल."

"शहाऐंशी झाले," आर्डिसबाई म्हणाल्या. "मी मोजत होते."

"मला माफ करा."

"बस इथे. शेवटचं वर्ष तो मला ओळखत नव्हता. मी रोज शुश्रूषागृहात जायचे, तो मला बाई म्हणायचा, चहाबद्दल आभार मानायचा. ते वर्ष मीही धरत नाही. बरोबरच वाजवलंस तू."

मारेन बशी मांडीवर घेऊन बसली. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. वेस होता. ती तिथेच, बाईंच्या शेजारी बसून बोलली.

"चढला," वेस म्हणाला. "काही त्रास दिला नाही. फळीपाशीसुद्धा अडला नाही."

"मला शोधत होता का रे?"

वेसला खोटं बोलता यायचं नाही, हा त्या घरातल्या सगळ्यांचाच दोष. "नाही गं. रवंथ करत होता. माझ्या मागून चालत गेला."

मारेनने फोन ठेवला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पोरं पेट्या उचलून जिन्याने वर चालली होती. दहा दिवस जिला क्षणभर बसवत नव्हतं, तिला आता उठवेना.

"त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही," ती म्हणाली. "मी असते काय, नसते काय, त्याला सारखंच."

"त्याला सारखंच," आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या मांडीवरची तशीच भरलेली बशी उचलून बाजूला ठेवली आणि तिचा दुखरा हात आपल्या हातात घेतला. "पण तुला बघायचं होतं ना त्याला. ते आमच्यापायी राहिलं, पोरी. त्याचं मला वाईट वाटतं."

तेव्हा कुठे मारेनला रडू फुटलं.