मुंबईची धाव आणि शाळेची दमणी

कल्याण स्टेशनाबाहेरच्या वडाखाली गाडीवाले जमले की दोनच विषय निघत, बैल आणि धाव. बैलांवरून नुसती भांडणं होत. धावेवरून मात्र पागोटी उडायची तेवढी बाकी राहत. धाव म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. पूर्वी ती गावचा लोहारच चढवी. पण अठराशे ब्याण्णव साल उजाडेपर्यंत मुंबईच्या कारखान्यांतून आयत्या गाड्या यायला लागल्या होत्या, धाव चढवूनच आलेल्या, काळ्या रंगाने लकाकणाऱ्या. ज्याने अशी गाडी घेतली तो धावेचे गोडवे गाई, आणि ज्याला घेता आली नाही, किंवा जो घेऊन पस्तावला, तो तिची यथेच्छ टिंगल करी.

"आवाज म्हणून नाही, शपथ!" एकाने सांगावं. "परवाचा पाव्हणा इथं बसला तो भिवंडीपर्यंत घोरत गेला."

"तुझा घोरत गेला, माझा बोंबलत उतरला," धाकू म्हणे. धाकू खाडीकाठचा आगरी, गाडीला 'गारी' म्हणणारा, आणि कुणाचं म्हणून ऐकून न घेणारा. "मुरबाडच्या वाटंला गारी उतारावर आली नि धाव सुटली. आमी मागं, बैल मागं, नि ही बया एकटीच पुढं! शेतात जाऊन निजली."

"पावसात गुणाची असते हो. उन्हाळ्यातच रुसते."

"सासुरवाशीण हाय का रुसायला? लोखंड हाय ते!"

मुलींच्या शाळेची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, समोरून गेली की हे बोलणं तेवढ्यापुरतं थांबे. कारण त्या दमणीचा कासरा एका बाईच्या हातात असे. काष्टा घट्ट मारलेली गंगुबाई पुढे बसलेली, मागे छपराखाली परकरांचा आणि पाट्यांचा ढीग, आणि सगळ्यात मागे पाय खाली सोडून, कान वडाकडे लावून बसलेली तुळसा. तुळसा मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. तेरावं लागलेलं, अजून लग्न नाही, आणि त्याचं तिला दुःखही नाही. हा दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा समजला जाई.

ही दमणी आधी गंगुबाईचा नवरा धोंडीबा हाकायचा. तो तापाने गेला. शाळेच्या मंडळाने नवा गाडीवान शोधायला सुरुवात केली, तेव्हा मुलींच्या आयांनी निरोप धाडला: पोरी पाठवू त्या गंगुबाईबरोबरच. मंडळाचे प्रमुख हरिहरपंत. दमणीचे बैल त्यांच्याच गोठ्यातले, धर्मार्थ दिलेले. त्यांनी नाक मुरडलं, पण 'बघू' म्हणाले. त्या 'बघू'वर गंगुबाईने दोन उन्हाळे काढले, आणि मग वर्गणी गोळा होऊन मुंबईची नवी कोरी दमणी आली.

गंगुबाईला काय करू नि काय नको झालं. दारात उभी करून तिने चाकांना हळदकुंकू वाहिलं. गाडी पोचवायला आलेला कारखान्याचा माणूस जाताना ऐट मारून गेला, "बाई, ही यंत्रावर चढवलेली धाव आहे. हिला तुमचं ते पाणी पाजणं वगैरे काही नको."

आता कल्याणच्या गाडीवाल्यांचा रिवाज असा, की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी शेणाळे तळ्याच्या काठाशी न्यायची आणि चाकं पाण्यात उभी करायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि धाव आवळून बसते. याला चाकं पाजणं म्हणत. पण नव्या गाडीची चाकं कोण चिखलात घालणार? मुंबईची गाडी घेणाऱ्या एकेकाला हाच आजार जडला होता. नव्या नवरीसारखी ते तिला जपत, तळ्याकडे नेत नसत, उलट सगळ्या गल्लीला दिसावी म्हणून भर उन्हात दारात उभी करत. गंगुबाईनेही तेच केलं. लाकूड मुकाट्याने आटत राहिलं.

चैत्रातल्या एका सकाळी पारनाक्याच्या वळणावर डाव्या चाकाची धाव सुटली. सुटली ती घरंगळत वाण्याच्या दुकानात शिरली आणि गुळाच्या ढेपांवर जाऊन आदळली. चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, पुठे, उकलले, दमणी कलली, आणि आतल्या सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर रचल्या गेल्या. लागलं कुणालाच नाही. हरिहरपंतांची पुतणी हेमा हिचा हलणारा दात पडला, पण तो तसाही त्या आठवड्यात पडायचाच होता. ती तो मुठीत धरून सगळ्यांना दाखवत होती.

गर्दी जमायला कल्याणात वेळ लागत नाही. गर्दीच्या मागून हरिहरपंत आले. त्यांनी आधी पुतणीला चाचपून पाहिलं, मग चाकाकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो. बाईच्या हाती कासरा म्हणजे दुसरं काय होणार?"

"चूक माझी हाय, पंत," गंगुबाई म्हणाली. ती अजून बैलांना चुचकारत होती. "चाकं पाजली नाय मी. पर धाव बी सैलच..."

"कारणं नकोत. आजपासून गाडी बंद."

तुळसा परकर झटकत उभी राहिली. तोंड तर तिच्याही आधी पुढे निघालं होतं.

"पंतकाका, धाकूकाकांची धाव मुरबाडच्या वाटेवर सुटली, तेव्हा ती गाडी कोणती बाई हाकत होती?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. गर्दीत उभ्या असलेल्या धाकूने एकदम आभाळाकडे बघायला घेतलं.

"तुळशे, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही."

"त्यांची सुटली तर धाव वाईट, आणि हिची सुटली तर बाई वाईट. एवढंच विचारते."

पंतांनी गड्याला खूण केली, गड्याने बैल सोडले आणि पंतांच्या गोठ्याकडे नेले. मोकळी दमणी जू टेकून रस्त्यात उभी राहिली.

दमणी बंद म्हणजे शाळा बंद, हे कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. भर बाजारातून मुलींनी चालत शाळेत जायचं नाही, हा घरोघरचा कायदा. आणि तुळसाच्या बाबतीत शाळा बंद म्हणजे पनवेलचं स्थळ. आई ते माघापासून पदराशी बांधून बसली होती. सहावी इयत्ता होईपर्यंत थांबायचं, असा तुळसाच्या वडिलांनी, अण्णांनी, आईकडून शब्द घेतला होता. आता शाळाच नाही तर इयत्ता कुठली?

"अण्णा, तुम्ही पंतांशी बोला ना," संध्याकाळी तुळसा म्हणाली.

अण्णांनी पगडी खुंटीला लावली आणि बराच वेळ ती सरळ करत राहिले. "त्यांचं नि मामलेदारांचं रोजचं येणंजाणं आहे, बाळ. मी कारकून माणूस."

"मग मी काही केलं तर?"

"मला विचारू नकोस म्हणजे झालं."

तुळसाने या वाक्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती, हेमा आणि आणखी चारपाच जणी बाजार टाळून गंगुबाईच्या मागोमाग तानाजी लोहाराच्या भट्टीवर जाऊन थडकल्या. चाक आणि धाव तिथे आधीच पोचली होती. तानाजी डोकं खाजवत बसला होता.

"धाव कापून आखूड करीन, जोडीन. त्यात काय नाही. पण चढवायची तर भोवताली गोवऱ्यांचा जाळ पाहिजे, आणि तापलेली धाव बसली की चहूकडून एकदम पाणी पाहिजे. एका बाजूला उशीर झाला तर लाकूड जळालं. एरवी गाडीवाले येतात हात लावायला. आज एक फिरकला नाही. पंतांनी वडाखाली जाऊन सांगितलंय म्हणे."

"पाणी ना?" तुळसा म्हणाली. "पाणीच ना? तानाजीकाका, उठल्यापासून निजेपर्यंत आम्ही दुसरं करतो काय? कळशीवर कळशी! आज चाकावर ओतू."

"आणि गोवऱ्या?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पांगल्या. त्या दुपारी कल्याणातल्या कितीतरी परसांतल्या गोवऱ्यांच्या राशी अचानक बुटक्या झाल्या. हेमाने तर पंतांच्याच परसातून परकराचा ओचा भरून आणला, आणि विचारलं तेव्हा म्हणाली, "काकांनी बैल घेतले ना? शेण बैलांचंच आहे."

जाळ पेटला. धाव आधी काळी होती, मग तांबूस झाली, मग देवळातल्या शेंदरासारखी. तानाजी, त्याची बायको आणि गंगुबाई, तिघांनी सांडशीने ती उचलली आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकली. लाकडाने भक्कन पेट घेतला. तानाजी घण घालत गोल फिरू लागला आणि ओरडला, "आता!"

सगळ्या कळश्या एकदम रिकाम्या झाल्या. असा फुत्कार उठला की रस्त्यावरचं कुत्रं शेपूट घालून पळालं. वाफेत कुणाला कुणी दिसेना. "इकडं! इकडं राहिलं!" "अगं माझ्या पायावर नको, चाकावर ओत!" विहिरीपासून भट्टीपर्यंत पोरींची रांग लागली, कळशी या हातातून त्या हातात. आणि मग वाफेच्या आतून चाक बोलू लागलं. कर्रर्र, कट्, कट्. लोखंड आवळत होतं, उकललेले पुठे एकमेकांना भिडत होते, आरे आपापल्या जागी ठाकून बसत होते.

वाफ विरली तेव्हा तानाजीने चाक उभं करून हातोडीने वाजवलं. ते घंटेसारखं खणखणलं.

"बसली," तो म्हणाला.

"आता हिला दर आठवड्याला तळ्यावर नेणार," गंगुबाई म्हणाली. "रंग गेला तर गेला." मग तिचा चेहरा उतरला. "पर बैल कुठनं आणू गं पोरींनो?"

तुळसाचे केस कपाळाला चिकटले होते, परकर गुडघ्यापर्यंत भिजला होता, हाताला काजळी लागली होती. इतकं छान तिला आजवर कधी वाटलंच नव्हतं.

"गाडी रिकामी असली तर किती जड असते?" तिने विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, शाळेची दमणी निघाली. छपराखाली लहान मुली बसल्या होत्या. पुढे जू धरून चौघी मोठ्या, बाजूच्या दोरांना बाकीच्या. गंगुबाई चाकाशी चालायला लागली, तर तुळसाने तिला थांबवलं.

"तू वर बस. कासरा हातात घे."

"येडी का काय! माझं वजन ओढाल? आन बैलाला मी चाबूक दाखवते, तुमाला काय दाखवू?"

"काही दाखवू नकोस. गाडी तू हाकतेस हे लोकांना दिसायला हवं. तुझ्यावाचून ओढायची तर मग घरीच बसू की!"

गंगुबाई वर बसली. मोकळा कासरा हातात घेऊन, ताठ.

बाजारात तराजू हातात धरून वाणी तसाच उभा. मग टोमण्यांना तोंड फुटलं. "अरे, यंदा पोळा चैत्रातच आला की!" "शिंगं रंगवली नाहीत ती!"

"पुढच्या वेळी रंगवू," तुळसा धापा टाकत म्हणाली. "रंग तुमच्याच दुकानातून नेऊ."

कचेरीच्या पायऱ्यांवर कारकून मंडळी गोळा झाली होती. "अहो, ती पुढची... ती तुमच्याकडली तर नव्हे?" एकाने विचारलं. अण्णांनी आजूबाजूला पाहिलं, पगडी चाचपली, आणि मग नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाले, "माझीच. मोठी."

वडापाशी धाकू आडवा आला. त्याचे बैल त्याच्या हातात होते.

"थांबा गं. लाज काढली तुमी आमची. माझे जुंपतो, सोरा ते."

सोडावंसं फार वाटलं. तळहात सोलवटले होते, खांदा भरून आला होता. तुळसाने मागे गंगुबाईकडे पाहिलं.

"उद्यापासून रोज आणा, धाकूकाका," ती म्हणाली. "हाकणार मात्र गंगुबाई. आज आमचं आम्ही ओढतो."

"आसं म्हनतेस?" धाकू म्हणाला, आणि बैलांना बाजूला घेत इतर गाडीवाल्यांवर खेकसला, "बगता काय रे? वाट द्या, गारी येतेय!"

शाळेच्या फाटकात हरिहरपंत उभे होते. वार्ता त्यांच्या आधी पोचली होती की ते वार्तेच्या आधी, कोण जाणे. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज त्यांनी खाली ठेवला होता.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. उद्या तुमच्या लग्नांच्या वेळी लोक विचारतील, तेव्हा मलाच येऊन सांगाल. कुणाच्या परवानगीने निघाली ही गाडी?"

जू धरलेल्या चौघी थांबल्या. तुळसाला बोलायला आधी श्वास गोळा करावा लागला.

"बैल तुमचे होते, ते तुमच्या गोठ्यात आहेत, काका. गाडी वर्गणीची आहे. ओढतोय आम्ही. यात परवानगी कशाची घ्यायची तेवढं सांगा, घेते."

"आणि उद्या?"

"उद्याही येणार. परवाही."

पंतांनी वर पाहिलं. गंगुबाई खाली उतरली नव्हती. कासरा धरून ती त्यांच्याकडे पाहत बसली होती, मान खाली न घालता. आतून प्रार्थनेचे सूर सुरू झाले. छपराखालून हेमाने आपलं दात पडलेलं तोंड बाहेर काढलं.

"काका, सरका ना. आम्हाला उशीर होतोय."

फाटक तसं रुंद होतं, पण पंत मधोमध उभे होते. तुळसाने त्यांच्या हलण्याची वाट पाहिली नाही. "उचला," ती म्हणाली, आणि चौघींनी जू खांद्याच्या उंचीला आणलं. चाकं फिरली. पंत एक पाऊल बाजूला झाले, मग दमणीचं छप्पर अंगाला घासू नये म्हणून आणखी एक, आणि दमणी आत गेली.