चित्र एक, चित्र दोन, येथे क्लिक करा

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मला अकराव्यांदा उघडण्यात आलं. उघडणारीला दिसत नाही. पाचच्या आत सुरू केली नाही, तर तिची परीक्षा बंद होईल.

मित्रांनो, मी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचं जुनं पहिलं पान आहे. रुग्णालयात फोन घेणाऱ्यांना इथे शिकवलं जातं.

सात वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने मला घडवलं. एक मथळा, चार ओळींची ओळख आणि पाच दुवे. प्रत्येक दुव्याला स्वतःचं नाव होतं: धडे, सराव चाचणी, अंतिम परीक्षा, सूचना, मदत. पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून त्या डोळे मिटून मला ऐकत. जिथे अडखळायला होई, ती जागा दुरुस्त करत. त्या वर्षी एकाही विद्यार्थ्याने "आता कुठे जाऊ?" असं विचारलं नाही. वरिष्ठ मात्र म्हणाले, "बाई, पान बरं आहे, पण अळणी आहे."

शिक्षिकेची बदली झाली आणि मी कार्यालयातल्या साहेबांकडे आलो. साहेब कामाला चोख. सहीशिक्क्याशिवाय सूचना बाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम. म्हणून प्रत्येक सूचना आधी कागदावर छापली जाते, तिच्यावर सही होते, शिक्का उमटतो आणि मग त्या कागदाचा फोटो माझ्या माथी मारला जातो. जुने फोटो कुणी काढत नाही. "असू द्या, नोंद राहते," असं साहेब म्हणतात. आज माझ्यावर नऊ फोटो आहेत आणि एकतीस वेळा "येथे क्लिक करा" लिहिलेलं आहे. गेल्या वर्षी मला सुंदर पानाचं बक्षीस मिळालं. पहिला फोटो त्या प्रमाणपत्राचाच आहे.

आज मला उघडणारीचा वाचून दाखवणारा प्रोग्राम या फोटोंना फक्त "चित्र" म्हणतो.

ती एका रुग्णालयात चौदा वर्षं फोन घेते आहे. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. उद्या सकाळी उत्तीर्ण झाल्याचा दाखला दाखवला, तरच तिची खुर्ची राहील. "अंतिम परीक्षा" या दुव्यावर उत्तर येतं, "पान सापडलं नाही." परीक्षा कुठे हलवली, ते नवव्या फोटोत आहे. मदतीचा फोन नंबर चौथ्या फोटोत आहे. नवरा कारखान्यात आहे, तिथे फोन फाटकावर जमा करावे लागतात. शेजारच्या दाराला कुलूप आहे. घरात फक्त सासूबाई आहेत. त्यांना स्वच्छ दिसतं, पण वाचता येत नाही.

"आई, शेवटच्या कागदावर काय आहे?"

"गोल शिक्का आहे, लाल. आणि सही. कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखी."

"आणि अक्षरं?"

"अक्षरं कळली असती, तर तुझ्याऐवजी मीच बसले असते परीक्षेला."

ती हसली नाही. "साऱ्या गावाचे फोन जोडून दिले मी," ती म्हणाली, "आज मला एक नंबर मिळत नाही."

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हात आण इकडे."

चार वाजून एकोणचाळीस मिनिटांनी त्यांनी त्या शेवटच्या कागदावरचं पहिलं अक्षर पाहिलं आणि बोटाने तिच्या तळहातावर काढलं. मग दुसरं.

"हे कसलं गं? पोट फुगलंय आणि वर गाठ मारलीय."

"पुन्हा काढा. सावकाश."

"सावकाश म्हणे. घड्याळाला सांग."

कागदावर लिहिलं आहे: अंतिम परीक्षा आता सराव चाचणी या दुव्यावर आहे. सराव चाचणी तिने दोनदा सोडवली आहे, म्हणून तो दुवा ती दर वेळी ओलांडून पुढे जाते. मला हे सगळं ठाऊक आहे. पण जे माझ्यात अक्षरांनी लिहिलेलं नाही, ते मला बोलता येत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही एखादं पान बनवाल. दुव्याला त्याचं नाव द्या. सूचना अक्षरांत लिहा. शिळं काढून टाका. आणि पान लोकांच्या हाती देण्याआधी एकदा डोळे मिटून ऐका. हात असते, तर ते जोडून सांगितलं असतं.

चार वाजून छप्पन्न मिनिटं झाली आहेत. तळहातावर "अंतिम परीक्षा आता" एवढं काढून झालं आहे. सासूबाईंचं बोट पुढच्या अक्षरावर आहे. ते "स" आहे.