हेडफोनवरचा विक्रम

राजश्रीचं डोकं फिरलं होतं. धाकटा दीर समाधान लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर ऐटीत बसला होता, आणि पडद्यावर जिथे वर्षभर तिचं नाव होतं, तिथे आता त्याचं होतं.

"वयनी, बॅगेत भरू का मंग?"

पैज तिनेच लावली होती, तीही तावातावाने. "माझा रेकॉर्ड मोडलात तर लॅपटॉप घेऊन जा बीडला, भावजी!" लॅपटॉप तेलगावहून, माहेरहून आलेला. नेकनूरच्या या घरात फक्त आपलं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं. लहानपणी टीव्हीला जोडायचा तो गाड्यांचा गेम भावांनी तिला कधी धड खेळू दिला नव्हता. "तू बघ," म्हणायचे. तोच जुना गेम लॅपटॉपवर चालवणारा एम्युलेटर तिला मिळाला, आणि गेल्या पावसाळ्यात तिने सर्वांत कमी वेळेचा असा विक्रम केला की समाधान वर्षभर डोकं आपटत राहिला. आता उद्या शिकायला बीडला निघायचं, तर आज त्याने तो मोडला!

"माझ्यासमोर खेळून दाखवा," ती म्हणाली.

घराची भिंत विहाराला लागून होती. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे दिवस, संध्याकाळचं ग्रंथवाचन सुरू, सासूबाई मनकर्णा तिकडेच. वाचन संपेपर्यंत या घरात टीव्हीसुद्धा लागत नसे. पण इंजिनाच्या आवाजाशिवाय गेमला मजा कसली? समाधानने ब्लूटूथचे हेडफोन कानांवर चढवले आणि गाडी सोडली.

राजश्री मागे उभी राहून बघत होती. अवघड वळणं तो अगदी निवांत घेत होता. जरा जास्तच निवांत. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग गेममधल्या. भिंतीवरचा काटा पुढे जात होता आणि गेममधले सेकंद मागे रेंगाळत होते.

तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि सेटिंग उघडलं. गेमचा वेग आवाजाशी बांधलेला होता. हेडफोन आवाज सावकाश घेत, म्हणून गेम त्यांच्यासाठी थांबत थांबत चालत होता. गाडीही हळू, गेमचं घड्याळही हळू. खेळणाऱ्याला विचार करायला भरपूर उसंत, आणि वेळ मात्र कमी लागल्याची नोंद!

पलीकडून "साधू, साधू, साधू" ऐकू आलं. वाचन संपलं होतं. राजश्रीने ब्लूटूथ बंद करून लॅपटॉपचाच आवाज मोठा केला. "आता खेळा."

दोन्ही घड्याळं जुळली आणि समाधानची गाडी पहिल्याच वळणावर धडकली.

"चोरट्या!" एरवी भावजी म्हणणारी राजश्री एकेरीवर आली. पांढऱ्या साडीतली मनकर्णा आणि शेजारच्या वच्छलाबाई दारातच थबकल्या. "बघा आत्याबाई, तुमच्या लेकाचे परताप! गेम लंगडायला लावून नंबर काढतोय!"

"वयनी, आईशप्पत, मला काय म्हाईत? मला वाटलं हात बसला."

तो खरं बोलत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यामुळे ती आणखीच भडकली. "हात बसला म्हनं! खोटा हाय तुझा रेकॉर्ड, खोटा!"

समाधानने मान खाली घातली आणि हेडफोन पुढे केले. "घ्या. तुमचेच हायेत. कालच मागून घेतलते."

राजश्रीचा हात अर्ध्यातच थांबला.

तिचेच. गेल्या वर्षावासातही पलीकडे वाचन चालू होतं आणि हेच कानाला लावून ती खेळली होती. त्या दिवशी गाडी कशी शहाण्यासारखी वळत होती! तिलाही वाटलं होतं, हात बसला.

कुणाला काही कळलं नव्हतं. गप्प बसली असती तर लॅपटॉप तिचाच राहिला असता. पण राग तर अजून अंगात मावत नव्हता, आणि आता तो काढायचा कुणावर? डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला संताप आला.

"माझाबी खोटाच हाय," ती ओरडलीच. "ह्याच हेडफोनवर केलता!"

"मंग येवढा आरडावरडा कावून चाललाय?" मनकर्णाने विचारलं.

राजश्रीने लॅपटॉप पुढ्यात ओढला. तिने त्याचं नाव पुसलं, मग आपलंही पुसलं. समाधानला हसू फुटलं.

"हसू नको. वायरचा स्पीकर आन," ती म्हणाली. "लॅपटॉप कुणाचा ते आत्ता ठरंल. अन् आवाज फुल ठेव."