तुळशीराम आज्याची उडी

आपली बायको प्रेमिला गेल्याचं कळलं तेव्हा लहानू सावनेरला प्रयागबाईंच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. प्रेमिलानेच त्याला तिथं धाडलं होतं. सकाळी तिच्या छातीत जळजळत होतं, पण ‘तुम्ही जा, इथं बसून माझं तोंड पाहाल का?’ म्हणाली.

तिचा आजा तुळशीराम दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर बोटीतून जपान्यांवर चालून गेला होता. प्रयागबाईंचे सासरे त्याच बोटीत होते. पलटण कोणती आणि बोटीत कोण कोण होतं, याच्या मागे प्रेमिला हात धुऊन लागली होती. पलटणीचं नाव विचारायला तिने एका कार्यालयाला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, ‘शोध घेण्यासाठी कृपया पलटणीचे नाव कळवावे.’ ते लहानूला वाचून दाखवताना तिला हसू आवरेना.

लहानूने चहाचा घोट घेतला आणि मेव्हण्याचा, संघपालचा, फोन आला. लहानू जे विचारायला आला होता, ते विचारायचं राहूनच गेलं.

थंडी पडल्यावर संघपालने जरीपटका वस्तीतल्या बुद्धविहारात आज्याचा फोटो लावायचं काढलं. फोटोत बोटीपुढे शिपायांची रांग होती. मधला जवान छाती काढून उभा, मिशीला पीळ. तोच आजा, असं त्यांच्या घरात सगळे धरून चालत. प्रेमिला तेवढी मानत नसे.

“खात्री झाल्याबिगर नाव नको टाकू म्हणे तुझी बहीण,” लहानू म्हणाला.

“भाऊजी, आज्याले आजा म्हणायले खात्री लागते का?”

“तिले लागे. चाल सावनेरले.”

लहानूने आयुष्यभर कळमन्याच्या बाजारात कांद्याची पोती उचलली. लढाईतलं त्याला काही कळत नव्हतं. पण तिच्या आज्याच्या नावाखाली भलत्याच माणसाला हार पडला, तर आपण तिला काय तोंड दाखवणार, एवढं त्याला कळत होतं.

प्रयागबाईंच्या घरात शिरताच संघपाल थबकला. भिंतीवर तोच फोटो होता आणि प्लास्टिकच्या फुलांचा हार नेमका मिशीवाल्याभोवती.

“हा आमचा आजा हाये, मावशी.”

“तुमचा आजा आमच्या भिंतीवर काहून लटकून राहिला मंग? माझा सासरा होय तो.”

“मिशी पाहा ना. आमच्या घराण्याची होय.”

प्रयागबाईंनी त्याच्या सफाचट ओठाकडे पाहिलं. “दिसून राहिली.”

“आमच्या आज्यानं त्या दिवशी सगळ्यात आधी उडी मारली होती पाण्यात! हुकमाची वाट नाही पाहिली!”

“उडी?” म्हातारी खुदकन हसली. “पडला गा तो. बोटीच्या काठावर उभा राहून बिडी मागून राहिला होता, लाट आली, गेला खाली. बाकीच्यांले वाटलं हुकूम झाला. धडाधड सगळे पाण्यात. सायेब मागून वरडत आला. सासरा हे सांगे तवा जेवता जेवता ठसका लागे त्याले.”

लहानूने विचारलं, “मावशी, पडला तो यातला कोणता?”

त्यांनी बोट रांगेच्या टोकाला नेलं. तिथला चेहरा पुसट होता. “हा. फोटोतही धड उभा नाही राहिला.”

“अन् तुमचा सासरा?”

म्हाताऱ्या बाईने जरा आढेवेढे घेतले. मग बोट मिशीवाल्याच्या शेजारच्या किडकिडीत पोरावर ठेवलं. “पोरीले पाहाले पाहुणे येत. त्याहिले दाखवाले कोणी तरी दमदार पाहिजे ना, बापू.”

“मंग मिशीवाला कोणाचा?”

“कोणाले मालूम!”

लहानूला हसू फुटलं. प्रेमिला गेल्यापासून तो असा हसला नव्हता. बिडीचं आधी सांगायचं की मिशीचं, हे तो मनात जुळवू लागला. मग आपण हे कोणाला सांगायला निघालो, ते ध्यानात आलं.

“विहारात ‘पडला’ म्हणून लिहाचं का आता?” संघपाल रडकुंडीला आला होता.

“नुसतं नाव लिहू,” लहानू म्हणाला.

निघताना त्याने पलटणीचं विचारलं. प्रयागबाई म्हणाल्या, सासरा बोटीचं सांगे, पलटणीचं नाही.

फोटो विहारात लागला. पुसट चेहऱ्याखाली तुळशीरामचं नाव आहे, त्याच्यापुढे पलटणीसाठी जागा कोरी आहे. मिशीवाल्याचं घर सापडलेलं नाही. पलटणीचं नाव कळलेलं नाही.