आधी कुणाचं

जनरेटर पुन्हा गुदमरला. दिवे पिवळे पडले, धुराड्यातून काळा धूर निघाला आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजूंच्या मोटरी घुरघुरून बंद पडल्या. इंजिनीअर बाईंनी कपाळाला हात लावला.

"दोघांनी परत एकदम बटण दाबलंत ना?"

"मी दाबलं," थोरला म्हणाला. "पलीकडच्यांचं मला माहीत नाही."

पलीकडचे म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वडिलांच्या मागे शीतगृहाच्या वाटण्या झाल्या, मधोमध पत्र्याचं पार्टिशन उभं राहिलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक कॉम्प्रेसर आला. जनरेटर तेवढा सामाईक राहिला. बोलणं कधीच बंद झालं होतं. उद्यापासून दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार होती, परत कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि आत लोकांनी विश्वासाने ठेवलेले बियाण्याचे बटाटे होते.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. सकाळपासून त्या हेच सांगत होत्या. "चालती मोटर थोडक्यात भागवते, पण सुरू होताना सहापट वीज ओढते. काही सेकंदच. एकीला वेग धरू द्या, मग दुसरी लावा. हाच जनरेटर दोन्ही सहज ओढेल."

"मग आमची आधी. वडीलकीचा मान आहे."

"मॅडम, त्यांना सांगा, मशीनला मान नसतो," पत्र्यापलीकडून आवाज आला. "आमची आधी."

पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी मघाशी नाणं उडवायचंही सुचवून पाहिलं होतं. तर थोरल्याने विचारलं, नाणं कुणाचं?

"ठीक आहे," त्या मीटरच्या वायरी गुंडाळू लागल्या. "दोन्ही एकदम सुरू करायच्या तर याच्या दुप्पट ताकदीचा जनरेटर घ्या. तो यायला महिना लागेल. तोवर बटाटे सडतील आणि लोक दारात येऊन शिव्या घालतील. त्या शिव्या आधी कुणी खायच्या, हे तेवढं ठरवून ठेवा."

थोरला अंगठ्याने पॅनेलवरची धूळ पुसत राहिला. पुसून झालेली जागाच परत पुसली.

"त्याचं मशीन जुनं आहे," तो हळू म्हणाला. "बाबांच्या वेळचं. वेग धरायला वेळ लागतो त्याला. आधी त्याला घेऊ दे."

बाईंनी वायरी पुन्हा जोडल्या, जनरेटर सुरू केला आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी तुम्ही. चला." थोरला हात मागे बांधून बटणापासून दूर उभा राहिला. जनरेटर नुसताच घुमत होता. मीटरचा काटा हलेना.

त्या तरातरा पार्टिशनला वळसा घालून गेल्या. धाकटा हाताची घडी घालून उभा होता.

"आता काय झालं?"

"दादाचं होऊ दे आधी," तो खाली बघत म्हणाला. "थोरला आहे तो."

दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं बाईंना मनापासून वाटलं. मघापर्यंत कुणी मागे सरत नव्हतं, आता कुणी पुढे यायला तयार नव्हतं. त्यांनी धाकट्याचं मनगट धरून हात बटणावर नेला.

"दाबा."

जुना कॉम्प्रेसर कण्हत उठला. दिवे मंदावले, मग सावरले. आवाज एकसारखा व्हायला बराच वेळ लागला, आणि धाकटा तोवर मान तिरकी करून ऐकत होता. मग तो पत्र्याजवळ गेला.

"दादा," तो म्हणाला, "घे आता."

पलीकडची मोटर सुरू होईना. अहो, दाबा की, असं ओरडायला बाईंनी तोंड उघडलं, आणि पत्र्यामागे कुणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

त्यांनी तोंड मिटलं. डिझेल फुकट जळत होतं. जळू दे म्हणून त्या थांबल्या.